बेलटोल्याचा भोंगा

२ मार्च, भंडारा

पोहोचले एकदाची! सांगलीहून निघाले तेव्हा आई म्हणाली होती की नकाशात तरी दिसतं का ते गाव. दिसतं, आई. चांगलं मोठं आहे. नागपूरपर्यंत रेल्वेत पाठीचं धनुष्य झालं, पुढे एसटीत खिडकी मिळाली आणि भंडाऱ्यात वैनगंगा पाहताच सगळा शीण गेला.

खोली गोदावरीबाईंच्या घरी वरच्या मजल्यावर आहे. बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो मी भात खाते का हा. मी म्हटलं, पोळीसुद्धा लागते. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. रात्री ताटात भाताचा डोंगर आणि लाखोळीची डाळ. दोन वेळा वाढून घेतला. पोळीची आठवणही झाली नाही.

आयुष्यातली पहिली खरी नोकरी. ही वही त्यासाठीच घेतली.

५ मार्च

ऑफिस म्हणजे पितळी भांड्यांच्या दुकानावरची एक खोली. खालून दिवसभर ठोकाठोकीचा आवाज येतो. खोलीत मी, एक पंखा आणि एक सर्व्हर. साहेब, म्हणजे वीरेंद्र सर, नागपूरला बसतात आणि फोनवर असतात.

काम मला फार आवडलंय. जंगलाला लागून असलेल्या सहा गावांच्या वेशीवर आमच्या कंपनीचे कॅमेरे आहेत. समोर काही हललं की कॅमेरा फोटो काढून इथे पाठवतो. आमचं मशीन फोटो ओळखून त्यावर नाव लिहितं: माणूस, रानडुक्कर, बिबट, वाघ. वाघ असला की त्या गावच्या ग्रामपंचायतीवरचा भोंगा आपोआप वाजतो आणि गावकऱ्यांच्या नि माझ्या फोनवर फोटोसकट निरोप येतो. लोक घरात शिरतात. बस्स, एवढंच. पण एवढ्यानं माणसं वाचतात.

सर्व्हरच्या दारात फायरवॉल आहे. ज्या कॅमेऱ्याचा पत्ता तिच्या नियमांत आहे त्याला ती आत सोडते, बाकी सगळ्यांना गुपचूप टाकून देते. बाहेरच्याला नाही म्हणूनसुद्धा सांगत नाही. नियम बदलायचे ते काळ्या पडद्यावर कमांड देऊन. बदल लगेच लागू होतो, पण फाइलमध्ये वेगळा जतन करावा लागतो. घोळ झालाच तर आयपीटेबल्स-रिस्टोअर ही एक ओळ टाकायची: चालू असलेलं सगळं पुसलं जातं आणि फाइलमधले नियम परत येतात. मला ही एक ओळ फार धीराची वाटते. चुकलं तरी परत जायला जागा आहे.

११ मार्च

आज बेलटोल्याला जाऊन आले. आमचं सातवं गाव. एसटी फाट्यावर सोडते, पुढे खुशालच्या मोटरसायकलवर. खुशाल त्याच गावचा, कंपनीनं कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या सांभाळायला ठेवलेला. बोलतो कमी, गाणी गुणगुणतो जास्त.

गावामागे धानाच्या बांध्या (भातखाचरं), मग एक बोडी (छोटं तळंच ते), आणि पलीकडे मोहाची झाडं. तिथून लगेच जंगल. फुलं आत्ता कुठे पडायला लागलीत. सगळ्या रानाला असा गोड, जड वास की डोकं हलकं झालं. खुशालनं सात नंबरचा कॅमेरा मोहाच्या बुंध्याला पट्ट्यानं बांधला. मी तिथेच बांधावर लॅपटॉप उघडून त्याचा नियम टाकला. खुशाल कॅमेऱ्यासमोर नाचला आणि पडद्यावर फोटो आला: माणूस. दोघंही हसलो.

जेवण त्याच्या वहिनीकडे. तुळसा नाव. नवरा चार-पाच वर्षांपूर्वी गेला, मुलगी गुंजन यंदा दहावीला, पेपर चालू आहेत. तुळसाताईंनी मला समोर बसवून जेवायला घातलं आणि कॅमेऱ्याबद्दल खोदून खोदून विचारलं. पहाटे मोहफुलं वेचायला त्याच झाडाखाली त्या जातात. मी समजावून सांगितल्यावर म्हणाल्या, "म्हंजे भोंगा वाजला का पराचं. नाई वाजला त येचत राहाचं. बराबर ना, पोरी?"

बरोबर, मी म्हटलं. वाजला की पळायचं.

निघताना त्यांनी पदराखाली झाकून गेल्या वर्षीच्या वाळलेल्या मोहफुलांची पुडी दिली. परत यायला उशीर झाला. हात-पाय धुऊन थेट झोपले.

१९ मार्च

आज जीव जाता जाता राहिला. वीरेंद्र सरांनी नवा नियम टाकायला सांगितला आणि मी क्रम चुकवला. क्षणात सगळे कॅमेरे दाराबाहेर. पडद्यावर प्रत्येक कॅमेऱ्याचा दिवा लाल. मग ती ओळ आठवली. फाइल रिस्टोअर केली, एंटर, आणि एकेक दिवा हिरवा!

सरांना सांगितलं तर म्हणाले शाब्बास, डोकं शांत ठेवलंस. खाली जाऊन दोन आलूबोंडे खाल्ले. आईला फोन करून फुशारकी मारली. तिला काही कळलं नाही, पण खूश झाली.

२० मार्च

तुळसाताई गेल्या.

सकाळी खुशालचा फोन आला. आधी मला वाटलं तो हसतोय. वाघानं. मोहाखाली. वाकून फुलं वेचत होत्या. एरवी गुंजन बरोबर असते, पण आज तिचा पेपर होता म्हणून तिला उठवलं नव्हतं.

तो एकच विचारत होता, "भोंगा काहून नाई वाजला, मॅडम? भोंगा काहून नाई वाजला?"

२० मार्च, दुपार

कळलं.

११ तारखेला सातचा नियम मी चालू नियमांत टाकला. फाइलमध्ये जतन केला नाही. उद्या ऑफिसात करू म्हणून राहिला, मग विसरले. काल मी फाइल रिस्टोअर केली. फाइलला सात माहीतच नव्हता. पडद्यावर त्याची ओळच उरली नव्हती. सहा हिरवे दिवे पाहून मी आलूबोंडे खायला गेले.

फायरवॉल टाकून दिलेल्यांची नोंद ठेवते. ती उघडली. आज पहाटे सातनं दार ठोठावलंय. पुन्हा पुन्हा. वाघ दिसला होता त्याला. तो सांगत होता.

मी सातचा नियम परत टाकला. या वेळी जतन केला. मग ती नोंद पुसली.

कोणी सांगितलं नव्हतं पुसायला. हात माझेच होते.

२१ मार्च

वीरेंद्र सरांना अहवाल हवा होता. मी लिहिलं: घटनेच्या वेळी कॅमेरा क्रमांक सातकडून सर्व्हरला संपर्क झाला नव्हता.

वाक्य खरं आहे. मी ते चारदा वाचलं. त्यात एकही शब्द खोटा नाही.

सरांनी स्वतःच अर्थ लावला की बॅटरी संपली असणार, म्हणजे खुशालचा हलगर्जीपणा. मी ते खोडलं नाही. ते म्हणाले, तू वाईट वाटून घेऊ नकोस, तुझी बाजू स्वच्छ आहे.

२५ मार्च

खुशाल आला होता. त्याला कामावरून काढलंय, सामान जमा करायला आला. पुठ्ठ्याच्या खोक्यात सात नंबरचा कॅमेरा, २० तारखेच्या सकाळीच झाडावरून उतरवलेला. पट्ट्याला मोहाची साल चिकटलेली. टक्कल केलंय त्यानं. मी खुर्ची दिली तर बसला नाही.

गावात कोणी त्याच्याशी बोलत नाही म्हणाला. गुंजन त्याच्या हातचं पाणी घेत नाही. मग खोकं माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "बॅटरी फुल होती जी. मीच लावली होती. तुमी पाहून सांगा."

मी त्याच्यासमोर मीटर लावला. बॅटरी भरलेली होती. काटोकाट. मीटरचं तोंड माझ्याकडे होतं, आकडा त्याला दिसत नव्हता. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता.

मी म्हटलं, उतरलेली आहे. आतून खराब झाली असेल, तुझा दोष नाही.

दोष नाही हे मी दोन वेळा म्हटलं. त्याला ते ऐकूच गेलं नाही. पट्ट्याला चिकटलेली साल नखानं खरवडत म्हणाला, "म्हंजे माह्याच हातानं मारलो मी वहिनीले."

जिना उतरतानाचे त्याचे पाय ऐकू आले. खालची ठोकाठोक थांबली होती की मलाच ऐकू येत नव्हती, माहीत नाही.

बॅटरी काढून कपाटात ठेवली. खोकं टेबलाखाली.

२६ मार्च

आज दुपारी सातकडून एक फोटो आला.

तुळसाताई. पाठमोऱ्या, वाकलेल्या, टोपली शेजारी. मशीननं वर लिहिलंय: माणूस.

फोटो मोठा करून पाहिला, त्याच होत्या. मग स्वतःला समजावलं. त्या दिवशीचाच फोटो असणार, कुठेतरी अडकून राहिलेला आणि आता सुटलेला. असं होतं. फोटोवरची वेळ आजची आहे, पण वेळ चुकूही शकते.

हा फोटो दाखवला तर खुशाल सुटेल. कॅमेरा जिवंत होता हे सिद्ध होईल. मग दार कोणी बंद केलं ते विचारतील.

पुसला.

२७ मार्च

पुन्हा. त्या उभ्या राहिल्यात. अजून पाठमोऱ्याच.

झाडाच्या बुंध्याला लाल-पांढरं फडकं बांधलंय, खाली दगड मांडलेत. गोदावरीबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, वाघानं माणूस नेला त्या जागी आमच्याकडे असं करतात, नंतर, तिसऱ्या दिवसाचं कार्य झाल्यावर.

नंतर.

म्हणजे हा फोटो त्या दिवशीचा नाही.

२८ मार्च

खोकं उघडून पाहिलं. कॅमेरा आहे. बॅटरी कपाटात आहे. तरी आज दोन फोटो. पहिल्यात त्या वळतायत. दुसऱ्यात चेहरा इकडे आहे, पण फुलांची टोपली चेहऱ्यापुढे धरलेली. जसं काही देतायत.

मी सातचा नियम काढून टाकला. त्याच्यासाठी दार बंद. तेच, जे १९ तारखेला नकळत केलं होतं, ते आज समजून-उमजून केलं.

हे लिहिताना लक्षात येतंय, काय केलं ते.

२९ मार्च

बंद दारातून आला फोटो. टोपली खाली आहे. चेहरा मी इथे लिहिणार नाही.

गोदावरीबाई म्हणाल्या की तुला वास येतो का गं, कोणी मोह आणून ठेवलाय का घरात. मी मोहफुलांची ती पुडी कधीच फेकली. वास येतो. माझ्या केसांतून येतो.

३१ मार्च

सकाळी पोहोचले तर पडद्यावरून सहाही दिवे गायब. नियम उघडले. सगळे गेलेत, एकच शिल्लक आहे. सात.

फाइल रिस्टोअर केली. परत तेच. फाइल उघडून पाहिली तर तिच्यातही एकच. सातची ओळ, जी मी २८ तारखेलाच पुसली होती. सहाही नियम हातानं लिहिले, जतन केले, रिस्टोअर केलं, एंटर. सहाही पुसले गेले. माझ्या डोळ्यांसमोर, खालून वर, एकेक ओळ.

धीराची वाटायची मला ही कमांड.

सहा गावांत आज भोंगा नाही आणि त्यांना ते माहीत नाही. भोंगा वाजला नाही तर वेचत राहायचं.

दुपारभर सगळ्या गावांना फोन केले. रानात जाऊ नका. एक आजोबा म्हणाले, मोह पडून राहिला, घरी कसं बसाचं, पोरी?

पोरी म्हणाले.

१ एप्रिल

वीरेंद्र सरांना सगळं सांगितलं. फाइल, १९ तारीख, पुसलेली नोंद, बॅटरी. सगळं. फोटोंचंही.

ते आधी म्हणाले, आज एक एप्रिल आहे, मनाली. मग आवाज उतरवून म्हणाले, अहवाल गेलेला आहे, प्रकरण मिटलेलं आहे, जी गेली ती परत येणार नाही. त्या माणसाला नंतर कुठेतरी चिकटवू. तू चार दिवस घरी जा, झोप. दुसऱ्या माणसाला पाठवून सर्व्हर बघतो. आणि हे कोणाला बोलू नकोस.

मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. फोन ठेवला तर पडद्यावर फोटो आलेला. फक्त तोंड. उघडं. दुसरा. तिसरा. ओठ हलतायत, एकेका फोटोत थोडे थोडे. काहीतरी विचारतायत. शेवटच्या फोटोत ओठ मिटलेले आणि वाट पाहणारे —

चुकीच्या माणसाला सांगितलं मी.

२ एप्रिल

गेले नाही बेलटोल्याला. स्टँडवर गेले, एसटीत बसले, सुटायच्या आधी उतरले.

खुशालसमोर काय म्हणणार? बॅटरी भरलेली होती — हे म्हणायचं की —

सांगलीची गाडी उद्या आहे. आईला येते म्हणून कळवलं.

संध्याकाळी सहा गावांपैकी एका गावातून फोन. बोडीवर वाघानं म्हैस मारली. भोंगा वाजला नाही. माणूस थोडक्यात वाचला.

म्हैस. या वेळी म्हैस.

३ एप्रिल, बेलटोला

आले. सांगलीची गाडी सोडली.

फाट्यावरून चालत आले. गुंजन दारात तांदूळ निवडत होती. मला ओळखलं, आत बोलावलं, पाणी दिलं. मला पाणी दिलं तिनं! मी ते प्यायले. काका कुठे विचारलं तर तिनं मान फिरवून रानाकडे हात केला. शेजारची बाई सांगू लागली की खुशाल आता रोज पहाटेपासून मोहाखाली असतो. कॅमेरा नाही तर नाही. रिकामा डबा आणि काठी घेऊन बसतो, बायका फुलं वेचतात तोवर बडवत राहतो. कोणी त्याच्याशी बोलत नाही. तो घसा बसेपर्यंत ओरडतो आणि उन्हं कलल्यावर परत येतो. "पागल झाला जी थो," म्हणाली.

ग्रामपंचायतीवर भोंगा तसाच आहे. त्यावर कावळा बसला होता.

आता बोडीच्या बांधावर बसून लिहितेय. खुशाल इथे नाही. डबा आहे, काठी आहे, म्हणजे पाणी प्यायला वगैरे गेला असेल, येईल. वाट पाहते. ऊन आहे अजून. शब्द जुळवतेय: बॅटरी भरलेली होती. कॅमेरा चालू होता. त्यानं सांगितलं होतं. मी ऐकू दिलं नाही. तुझे हात स्वच्छ आहेत, खुशाल.

एवढंच. एवढं म्हणता आलं पाहिजे.

झाडाला लाल-पांढरं फडकं आहे. बुंध्यावर पट्ट्याचा वळ आहे. कॅमेरा नाही. तो भंडाऱ्याला माझ्या टेबलाखाली आहे, मी सकाळी पाहून आले.

फोन वाजला —

सातकडून फोटो. बांध. बांधावर पाठमोरी बसलेली मी. वही मांडीवर. वाकलेली.

मशीननं वर लिहिलंय: वाघ.

भोंगा. भोंगा वाजतोय. गावातला — इतका मोठा आवाज असतो याला — बोडीतले बगळे सगळे उडाले. हा आवाज तुळसाताईंना ऐकू यायला हवा होता. एवढाच तर आवाज —

माणसं येतायत. बांध्यांतून. काठ्या, कुऱ्हाडी, कोणी फटाके लावतंय. फोन बघत येतायत सगळे. खुशाल सगळ्यांच्या पुढे आहे. मी उठून हात हलवला. मी आहे, मनाली! ते थांबले नाहीत. माझ्याकडे बघतायत आणि त्यांच्या डोळ्यांत मी नाहीये, दुसरंच काहीतरी —

ओरडून सांगते. खुशाल, बॅटरी —

आवाज फुटत नाही. घशातून भलतंच काहीतरी —

लिहून ठेवते, कोणाला वही सापडली तर. खुशालचा दोष नाही. मी नियम जतन केला नव्हता, मी रिस्टोअर

मोहाचा वास. जवळ, फार जवळ. फोनवर आणखी एक फोटो. त्या माझ्या शेजारी बसल्यात. ओठ हलतायत आणि या वेळी ऐकू येतंय, भोंग्याच्या वरून, अगदी कानाशी. विचारतायत की आता पराचं ना, पोरी, का मी अजून येचत